बीकनचं कौतुक पुरे, फावडं दाखवा: अ‍ॅव्हलाँच सेट दोन सीझन वापरून झाल्यावर

सगळे जे विचारतात ते आधी सांगून मोकळा होतो. सेट घ्यावा का, तर हो, घ्यावा. अ‍ॅव्हलाँच म्हणजे उतारावरून सुटणारा बर्फाचा लोंढा, आणि त्यात गाडलेल्या माणसाला काढायला बीकन (सिग्नल सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून बघायची घडीची लांब काठी) आणि फावडं असा तिन्ही वस्तूंचा एकत्र मिळणारा सेट आहे, मी दोन हिवाळे तो वापरला, पाठीवर घेऊन चढलो, उतरलो, सराव केला, एकदा उलटं फिरून परत आलो. आता परत घ्यायची वेळ आली तर बीकन घेईन, प्रोब घेईन, फावडं मात्र फुकट दिलं तरी नको, आणि खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू त्या फावड्याच्या रागातूनच लिहायला घेतलाय.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की तुझी कंपनी भारी का माझी यावरच दोन दिवस जातात आणि मुद्दा राहतो बाजूला.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. लिफ्टवाल्या रिसॉर्टच्या बाहेर, स्कीच्या तळाला स्किन्स, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, चिकटवून आपल्या पायांनी चढायचं आणि मग न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचं, याला बॅककंट्री म्हणतात. रिसॉर्टमध्ये पहाटे उठून उतारावर स्फोट करून सैल बर्फ आधीच पाडणारी माणसं असतात, इथे कुणी नसतं. कुणी गाडलं गेलं तर रेस्क्यूची टीम पोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, त्यामुळे शोधणारे आणि काढणारे म्हणजे तुमच्या बरोबरचे दोघं तिघं, बस.

आता बीकन. लोक याच्यावरच सगळा अभ्यास करतात, रेंज किती, अँटेना किती, स्क्रीन कसला. तीन अँटेनाचा डिजिटल घ्या, विषय संपला, आजकाल बाजारात नवीन येणारे जवळजवळ सगळे तसेच आहेत. सगळे ४५७ किलोहर्ट्झवर बोलतात त्यामुळे माझा या कंपनीचा आणि मित्राचा त्या कंपनीचा असला तरी काही अडत नाही. अडतं कुठे, तर कुणीतरी माळ्यावरून काढून दिलेला खूप जुना पीस असेल तर, कारण पूर्वीचे २.२७५ किलोहर्ट्झवर चालायचे आणि ते आणि आजचे एकमेकांना ऐकूच येत नाहीत. असला पीस म्युझियमला द्या.

चढताना सगळ्यांचे बीकन सेंडवर, म्हणजे सतत टिक टिक सिग्नल सोडत असतात. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापले सर्चवर टाकायचे. स्क्रीनवर एक बाण आणि एक आकडा येतो. इथे पहिल्या दिवशी मी फसलो. आकडा ३२ दाखवतोय, मित्राने जिथे पिशवी पुरली होती ती जागा मला साधारण माहीत होती, सरळ समोर, आणि हा बाण मला डावीकडे ओढतोय. म्हटलं पीस डिफेक्टिव्ह निघाला. पण तसं नसतं, सिग्नलच्या रेषा चुंबकाच्या रेषांसारख्या वळणाच्या असतात आणि बीकन त्या रेषेवरून नेतो, म्हणून माणूस कमानीतून फिरून पोचतो, आणि तो आकडाही सरळ पट्टीने मोजलेले मीटर नसतातच. आकडा कमी होतोय ना, मग चालत राहायचं. वाढायला लागला तर मागे वळायचं. एवढंच.

खोक्यावर ५० मीटर लिहिलंय. आम्ही दोरी लावून मोजलं तेव्हा कधी ४५ ला पकडलं तर कधी तिशीत आल्यावर, कारण पुरलेला बीकन कसा आडवा उभा पडलाय त्यावर सगळं असतं. मला यात तक्रार नाही, पण दोन मॉडेलमध्ये दहा मीटरच्या फरकासाठी डोकं फोडून घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तीन मीटरच्या आत आलं की खरी परीक्षा. तोपर्यंत धावत आलेला माणूस इथेही धावतो आणि घोळ करतो. बीकन अगदी बर्फाला टेकवून, न फिरवता, हळूहळू आधी पुढे मागे आणि मग आडवा सरकवायचा, सगळ्यात लहान आकडा कुठे येतो ते बघायचं. माझ्या बीकनचा प्रोसेसर थोडा मागे राहतो, हात भराभर हलवला की आकडा एक सेकंद उशिरा बदलतो. त्यामुळे मी दोनदा चुकीच्या जागी प्रोब मारला. सरावाने सुटतं पण नवीन माणसाला वैताग येईल.

मार्क बटण आहे, म्हणजे दोघं गाडले गेले असतील तर एक सापडल्यावर त्याला मार्क करून दुसऱ्याकडे जाता येतं. दोघांपर्यंत मस्त चालतं. तीन सिग्नल एकावर एक आले की बिचारा गोंधळतो, थांबा अशी खूण दाखवतो आणि आपण बर्फात पुतळा होऊन उभे. आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे सर्चवर असताना बराच वेळ काहीच हालचाल झाली नाही तर हा आपणहून परत सेंडवर जातो, शोधता शोधता वरून दुसरा लोंढा आला आणि शोधणाराच गाडला गेला तर उपयोगी पडावं म्हणून. मोठ्याने बीप बीप करून आधी सांगतो. सरावात गप्पा मारत उभं राहिलं की मात्र हा बीप डोकं खातो.

फोनबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. सेंडवर असताना बीकनपासून फोन निदान २० सेंटीमीटर लांब, सर्च करताना ५० सेंटीमीटर लांब, शक्यतो बंदच. आमच्यातल्या एकाने बॅटरीवर गरम होणारे ग्लोव्हज घातले होते, त्याचा आकडा १२, लगेच ३१, मग ८, परत २६, असा नाचायला लागला. आम्ही बीकनला शिव्या देत होतो आणि तो म्हणतोय थांबा रे हात गार पडलेत म्हणून फुल्ल वर केलेत. ग्लोव्हज बंद केले, आकडा गप्प. तेव्हापासून निघण्याआधीच्या चेकमध्ये एकेकाला बीकन सेंडवर आहे का आणि सर्चवर पकडतोय का एवढंच विचारत नाही, खिशात काय काय आहे तेही विचारतो.

सेल साधे अल्कलाइनच घालायचे, रिचार्जेबल नाहीत, कंपनीने स्पष्ट चालतील म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. रिचार्जेबलमध्ये टक्केवारी खोटी दिसते, ७० म्हणता म्हणता बंद. सीझन संपला की सेल काढून ठेवा, आत गळून कॉन्टॅक्ट हिरवे झाले की सगळा खर्च पाण्यात.

बीकनला पाचपैकी चार. एक स्टार त्या मागे राहणाऱ्या आकड्यासाठी आणि ग्लोव्हज घालून न सरकणाऱ्या स्विचसाठी कापला.

प्रोबबद्दल फार लिहायला नाही आणि ते चांगलंच लक्षण आहे. २४० सेंटीमीटरचा, अ‍ॅल्युमिनियमचा. कार्बनचा हलका मिळतो पण घट्ट बर्फात तो वाकतो असं मला तरी वाटलं. पिशवीतून काढून एक टोक हातात धरून बाकीचा पुढे फेकायचा, दोरी खेचायची, तुकडे खटखट बसतात आणि लॉक होतात. पाच सेकंद. एकदा लॉकमध्ये पाणी जाऊन गोठलं होतं, तोंडाची वाफ देऊन सोडवावं लागलं, म्हणून आता आदल्या ट्रिपचा ओला प्रोब पिशवीत तसाच कोंबत नाही. बीकनने दाखवलेल्या जागेपासून २५, २५ सेंटीमीटरवर गोल गोल बाहेर जात टोचायचं आणि उताराला काटकोनात, आकाशाकडे सरळ नाही. जमिनीला लागलं तर खट्ट होतं, माणसाला लागलं तर जाड गादीत काठी खुपसल्यासारखं दबून परत येतं, सरावात भरलेल्या सॅकवर हा फरक हाताला लगेच कळला. लागला की प्रोब तिथेच ठेवायचा, काढायचा नाही. पाचपैकी पाच.

आणि आता फावडं.

सेटमधलं फावडं प्लास्टिकचं होतं. दिसायला सुंदर, वजनाला पिसासारखं, सॅकमध्ये कुठेही मावतं. आम्ही सरावाला रस्त्यावरून मशीनने ढकलून कडेला लावलेला बर्फाचा ढीग निवडला, कारण लोंढा थांबल्यावर बर्फ जसा घट्ट बसतो साधारण तसाच तो असतो. अ‍ॅव्हलाँचचा बर्फ मऊ ताजा नसतो हे डोक्यातून आधी काढा. खाली येताना कण घासून बारीक होतात आणि थांबल्यावर एकमेकांना चिकटतात, काही मिनिटांत दगड होतो, आत अडकलेल्याला बोटसुद्धा हलवता येत नाही. तर अशा ढिगात मित्राने सव्वा मीटर खोल एका जुन्या सॅकमध्ये बीकन ठेवून पुरला आणि घड्याळ लावलं.

सापडायला किती लागले, तर ३ मिनिटं ४० सेकंद. मी एकदम खूश. मग फावडं काढलं, दांडा ओढला, तर पिन अडकलेली, ती ग्लोव्हज काढून दाताने सोडवली. पहिला घाव घातला आणि फावडं टणकन उडून परत आलं. बर्फात शिरतच नाही. पातं वाकतंय, बर्फ तसाच. मग कोपऱ्याने खरवडायला लागलो. पाचव्या मिनिटाला दंड भरून आले, सातव्याला पात्याच्या कडेला चीर, आणि माझं खणणं म्हणजे प्रोबच्या डोक्यावरून सरळ खाली विहीर पाडल्यासारखं, काढलेला बर्फ परत आतच घसरतोय. सॅकचा पट्टा दिसला तेव्हा घड्याळात १९ मिनिटं आणि काही सेकंद. म्हणजे शोधायला चार आणि खणायला पंधरा.

आता या आकड्यांचा अर्थ. गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले ९० टक्क्यांच्या आसपास जगतात आणि तिथून आलेख कड्यावरून उडी मारल्यासारखा पडतो, अर्ध्या तासाला साधारण तिघांपैकी एकच उरतो. जुन्या अभ्यासांत ही पहिली खिडकी १५ ते १८ मिनिटांची धरायचे, नवीन आकड्यांत ती दहावर आलीये. कारण गुदमरणं, तोंडासमोरच्या बर्फात स्वतःच्याच श्वासाची वाफ गोठून काच बसते आणि हवा बंद. म्हणजे माझी ती जुनी सॅक कधीच गेली होती. आणि मी बीकनची रेंज ४५ का ५० यावर आठवडाभर रिव्ह्यू वाचत बसलो होतो.

हिशोब साधा आहे. लोंढ्यातला एक घनमीटर बर्फ ४०० किलोच्या आसपास भरतो, आणि एक मीटर खोल माणूस काढायला एक घनमीटरवर भागत नाही, हात चालायला जागा लागते, त्याला आडवं ओढून काढायला जागा लागते. टनाच्या वर बर्फ हलवायचाय. खेळण्यातल्या फावड्याने.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं. मोठं पातं, मागे दोन घड्या असलेलं ताठ, लांबणारा दांडा, टोकाला डी आकाराची मूठ जी मिटनमध्येही धरता येते, आणि पातं काटकोनात वळवून कुदळीसारखं वापरता येतं. वजन जास्त आहे, हो. पण हेच वजन काढायला लोक निघतात आणि पाण्याची दुसरी बाटली मात्र ठेवतात.

खणायची पद्धतही तेव्हाच एका जाणत्याने दुरुस्त केली. प्रोबवर उभं राहायचं नाही, खाली माणूस आहे आणि त्याच्याकडे हवेची जी काही पोकळी आहे ती आपण तुडवतोय. उताराच्या खालच्या बाजूला, जेवढी खोली त्याच्या दीडपट लांब जायचं आणि तिथून आडवं आत शिरायचं. जास्त माणसं असली तर इंग्रजी व्ही सारखी रांग लावायची, टोकाला एकजण तुकडे पाडतो, मागचे तो बर्फ उचलून फेकत नाहीत तर वल्हं मारल्यासारखं मागे ढकलतात, आणि टोकावरचा दमायच्या आत सगळे एक एक जागा सरकतात. तोच ढीग, तेवढीच खोली, आम्ही चौघं, नवीन फावडी, खणायला पाच मिनिटं लागली. शोधायला परत चारच. बीकन तोच होता बरं.

सेटमधल्या फावड्याला पाचपैकी एक, तोही रंग छान आहे म्हणून.

काहीजण विचारतील एअरबॅगचं काय. या सेटमध्ये नाही, माझ्याकडे वेगळी आहे. हँडल खेचलं की सॅकमधून फुगा निघतो, आणि हलणाऱ्या ढिगात मोठी वस्तू वर येते या तत्त्वावर माणूस वर राहतो, शेंगदाण्याचा डबा हलवला की मोठे दाणे वर येतात तसं. २०१४ च्या एका अभ्यासात गंभीररीत्या लोंढ्यात सापडलेल्यांत मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ वर आलेलं दिसलं. चांगलं आहे, पण त्याच अभ्यासात पाचातल्या एकाची बॅग फुगलीच नव्हती, आणि त्यातही बऱ्याच वेळा बिघाड नाही तर माणसाने हँडल खेचलंच नाही. तर असेल तर रिकाम्या वेळी हँडल शोधायची सवय करा. फावड्याऐवजी एअरबॅग असं मात्र करू नका.

आता सेटची खरी अडचण, जी खोक्यावर लिहिणार नाहीत. हा पाठीवर असला की माणूस धीट होतो. आमच्याबरोबर झालं म्हणून सांगतो.

तीन दिवसांपूर्वी चांगला बर्फ पडलेला, मग वारा, मग स्वच्छ ऊन. अ‍ॅव्हलाँचचा धोका सांगणाऱ्या बुलेटिनमध्ये पाचपैकी तीन. हा तीन नंबर फार फसवा आहे. युरोपात हा पाचचा स्केल १९९३ पासून सगळ्यांचा एक आहे, उत्तर अमेरिकेतही पाचच पायऱ्या, आणि तीन मधोमध असल्यामुळे लोकांना वाटतं पन्नास टक्के, म्हणजे ठीकठाक. चार आणि पाचला लोक घरी बसतात, तीनला बाहेर पडतात, म्हणून सगळ्यात जास्त माणसं तीनलाच जातात. वर बुलेटिनमध्ये लिहिलं होतं की वाऱ्याच्या आडोशाच्या उतारांवर जुन्या बर्फातला कमकुवत थर अजून जिवंत आहे. तो थर म्हणजे जाड साखरेसारखा सुटा बर्फ, मुठीत दाबला तरी लाडू वळत नाही. त्याच्यावर वाऱ्याने आणून घातलेला घट्ट थर, म्हणजे स्लॅब, अगदी घराच्या स्लॅबसारखा, पण खाली खांबांऐवजी साखर.

वर पोचलो तर समोर तोच उतार, आणि त्यावर कुणाचे तरी दोन ट्रॅक आधीच काढलेले. एकजण म्हणाला, अरे गेलेत की लोक, आणि सेट आहे ना सगळ्यांकडे. मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू. उताराचा कोन मोजला तर ३६. स्लॅब बहुतेक ३० ते ४५ अंशांतच सुटतात, त्यामुळे ३६ म्हणजे नेमका मधला. तरी दोन पावलं पुढे टाकली, आणि पायाखालून आवाज आला, भुप्प, मोठं गाठोडं खाली टाकल्यासारखा, आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त जाणवला. स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग निघून चार पाच मीटर सरळ पळत गेली. खालचा साखरेचा थर आमच्या वजनाने बसला होता. आम्ही सपाटीवर होतो म्हणून वाचलो म्हणायचं, आणि सपाटीवरून सुद्धा वरचा उतार सुटू शकतो हे कळल्यावर अजून घाम फुटला. कुणी काही बोललं नाही. आलो तसे मागे वळलो आणि सोंडेवरून, जिथे कोन पंचविसाच्या वर जात नाही आणि वरती काही लटकत नाही, तिथून गपचूप उतरलो. ते दोन ट्रॅक काय, तो स्लॅब दोघांना धरतो आणि तिसऱ्याला सोडतो, ट्रॅकवरून काहीच कळत नसतं.

त्या उताराखाली झाडं होती आणि त्याखाली अरुंद घळ. लोंढ्यात जाणाऱ्यांपैकी साधारण पाव लोक आपटूनच जातात, गुदमरायची वेळच येत नाही, आणि घळीत बर्फ साचतो तो एका मीटरवर थांबत नाही, तीन चार मीटर खोल असू शकतो, म्हणजे माझा पाच स्टारवाला २४० चा प्रोब तळाला पोचणारही नाही. आणि अपघातांत दहापैकी नऊ वेळा लोंढा सुटतो तो त्याच माणसामुळे किंवा त्याच्या ग्रुपमधल्या कुणामुळे. डोंगर आपणहून क्वचितच अंगावर येतो.

म्हणून माझ्या सेटमध्ये आता चौथी वस्तू आहे, कोन मोजायची छोटीशी प्लास्टिकची पट्टी, तिन्हींपेक्षा स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा बाहेर निघते. कोन मोजायला फोनही चालतो, पण थंडीत फोन कधी मान टाकेल सांगता येत नाही, आणि बीकनजवळ तो नकोच. तिशीच्या खाली राहायचं ठरवलं की बीकनच्या रेंजची चर्चा बरीच कमी होते.

घ्यायचा असेल तर दुकानात फावडं हातात घेऊन बघा, पातं गुडघ्यावर ठेवून दाबा, वाकलं तर परत ठेवा. बीकन ग्लोव्हज घालून सर्चवर टाकून बघा. कपड्यात शिवलेला रेकोचा तुकडा (रडारचा सिग्नल परत फेकणारी छोटी पट्टी) आहे म्हणून बीकन नको असं दुकानदार म्हणाला तर दुकान बदला, रेको शोधायचं मशीन रेस्क्यूवाल्यांकडे असतं, तुमच्या मित्राकडे नाही. आणि एकट्यासाठी घेत असाल तर घेऊच नका, तुमचा बीकन दुसऱ्याने ऐकायचा असतो, चौघांनी मिळून घ्या.

ते प्लास्टिकचं फावडं अजून आहे माझ्याकडे. गाडीच्या टपावरचा बर्फ काढायला वापरतो, त्या कामाला झकास आहे, रंगाला ओरखडासुद्धा येत नाही.